खोगिराची तेलमालिश

तेलाच्या बाबतीत वनमालाबाई पागनिसांना शिकवणारं माणूस रायपुरात अजून जन्माला यायचं होतं. शाळा त्यांची तिसरीत सुटली, पण लोणच्यावर किती बोटं तेल हवं, समईला कोणतं चालतं आणि कोणाच्या बोलण्यात ते किती दिवसांचं मुरलेलं आहे, हे त्या नुसत्या वासावर सांगत. म्हणूनच मराठी मंडळातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्यांनी रथसप्तमीला मधलं टेबल माझ्यासाठी रिकामं ठेवा असं फर्मावलं, तेव्हा त्यांच्या मते ती फुशारकी नव्हती. नुसती सूचना होती.

झालं होतं असं. रथसप्तमीला मंडळात घरोघरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. मधलं टेबल अर्थातच किल्लेदारांच्या तलवारीला, कारण मंडळाच्या अध्यक्ष शर्मिष्ठाबाई किल्लेदार. वनमालाबाईंनी सहज म्हणून आठवण दिली की, पागनीस रायपुरात आले ते नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाबरोबर. त्यावर शर्मिष्ठाबाईंनी त्यांच्या हातावर तीळगूळ ठेवत अगदी मऊ आवाजात विचारलं, "पागनीस म्हणजे पागेवर लिहिणारे न? घोड्याले चंदी किती घातली ते टिपून ठेवणारे. घोड्यावर बसणारे वेगळे असायचे." आणि हसत हसत असंही सांगितलं की प्रदर्शनात उगाच खोगीरभरती नको.

बायका हसल्या. तीळगूळ तोंडात असताना गोड बोलायचं बंधन असतं, म्हणून वनमालाबाईंनी आधी तो गिळला.

"शर्मिष्ठाबाई, आमच्याकडून जे येईन ते पाहून तुमची तलवार आपोआप खिडकीत जाईन."

"काय आणून राहिल्या तुम्ही?"

"ते रथसप्तमीलेच दिसन."

जे दिसणार होतं ते ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या माळ्यावर, पोत्यात, निदान साठ वर्षं पडून होतं. पागनिसांच्या मूळ पुरुषाचं चामड्याचं खोगीर. बसणारा पागेवर लिहिणारा असता तर त्याला खोगीर कशाला लागलं असतं? असा बिनतोड पुरावा घरात असताना शर्मिष्ठाबाईंनी आपल्याला कारकुनाची सून ठरवावं, हे वनमालाबाईंना शहात्तराव्या वर्षी सोसण्यासारखं नव्हतं. आणि गोष्ट तोवर गुप्त ठेवायची होती. आधी कळलं तर किल्लेदारीण कुठून तरी चिलखत पैदा करील, अशी बाई ती.

दुसऱ्याच दिवशी मुलगा यज्ञेश्वर शिडीवर चढला. तो वीज कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याहून मोठ्या हुद्द्याची सात वर्षं वाट पाहत होता. सून क्षमा खाली शिडी धरून उभी. पोतं कुजलेलं निघालं. यज्ञेश्वरच्या हातात पोतं राहिलं आणि खोगीर रिकिबींसकट खाली आलं. दोन पिढ्यांनंतर ते पहिल्यांदाच कोणाच्या पाठीवर बसलं, ती पाठ क्षमाची निघाली.

समता कॉलोनीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि तीन आठवडे सक्त पडून राहायला सांगितलं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टरीणबाई बसतात आणि दोघांचं फाटक एकच. क्षमा कमरेवर हात ठेवून, पाय फाकवत, एका बाजूनं सासू आणि एका बाजूनं नवरा अशी त्या फाटकातून बाहेर पडली, तेव्हा समोर शेजारची स्नेहल स्कूटीवर उभी. तिनं काळजीनं विचारलं, काय झालं काकू? वनमालाबाईंना खोगिराचं नाव काढायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "घरचीच गोष्ट आहे. वेळ आली का सांगू."

खोगीर उजेडात पाहिलं तेव्हा मात्र त्यांचाही उत्साह जरा ओसरला. चामडं उन्हाळ्यातल्या तलावाच्या तळासारखं भेगाळलं होतं. घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंगाचा पट्टा वाकवायला गेलं की पापडासारखा कड् करी. कडेला उंदरांनी आपापली नावं घातली होती. बंगलोरहून नातवानं, श्रेयसनं, कुठल्याशा इंग्रजी तेलाची बाटली मागवून दिली असती. पण ज्या तेलाचा वास घेता येत नाही ते तेल वनमालाबाईंच्या लेखी तेलच नव्हे. त्यांनी चौकातल्या शालिग्राम मोच्याला दुपारी मागच्या दारानं बोलावलं. त्यानं खोगीर उलटंपालटं केलं, तुटले टाके पाहिले आणि पॉलिशला साफ नकार दिला.

"अम्मा, इसको तेल पिलाना पड़ेगा. थोड़ा-थोड़ा, रोज, हाथ से. जैसे छोटे बच्चे की मालिश करते हैं न, वैसे. और ठंडी हवा मत लगने देना."

टाके घालून तो गेला. त्याच्या सांगण्यातला "जैसे" बाजूला काढून वनमालाबाईंनी उरलेलं तंतोतंत पाळायचं ठरवलं. लहान मुलाची मालिश म्हटल्यावर रायपुरात दोन नावं निघत नाहीत. त्यांनी सुकवारोला निरोप धाडला.

सुकवारोच्या हाताखालून अर्धा ब्राह्मणपारा सरळ झालेला आहे. यज्ञेश्वर तिच्या आईच्या पायांवर वाढला, श्रेयस तिच्या. ती येऊन माजघराच्या मागच्या खोलीत पाय लांब करून बसली, खोगिराकडे बराच वेळ पाहिलं आणि हे कोणाचं लेकरू म्हणून विचारलं, "ये काकर लइका ए, दाई?"

"आमचंच आहे. तू हात तर लावून पाहा."

सुकवारोनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. तिच्या मते लेकरू फार सुकलं होतं, महिना लागणार. वनमालाबाई म्हणाल्या, एकोणीस दिवस आहेत. सुकवारो म्हणाली, मग लसूण वाढवा. तिचं तेल ठरलेलं होतं. तिळाच्या तेलात ओवा, लसूण, मेथी कडवून गाळून घ्यायची. चामड्याला मेथी कशाला, असं वनमालाबाईंनी एकदा विचारून पाहिलं. सुकवारोनं सांगितलं की हात तिचे आहेत आणि त्यांना अर्धं काम येत नाही. मालिश झाली की शेगडीवर ओवा-बाळंतशेपांची धुरी, धुरी झाली की जुन्या लुगड्यात गच्च गुंडाळणं, आणि गुंडाळलं की दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट. वनमालाबाईंनी तीटही मान्य केली. त्यांची अट एकच, की कोणाला काही सांगायचं नाही. सुकवारोनं गळ्याला हात लावून कसम खाल्ली. चामडं म्हणून खोगीर देवघराच्या भिंतीला लागू द्यायचं नाही, एवढं सोवळं पाळून काम सुरू झालं.

आणि काम होतही होतं, हे कबूल केलं पाहिजे. चौथ्या दिवशी पट्टा वाकला. सातव्या दिवशी चामड्याला चिंचोक्याचा रंग आला. सुकवारो त्याला पायांवर आडवं घेऊन थापट्या मारी, गाणी म्हणे, तेल कुठं मुरत नसेल तिथं रागे भरे आणि नंतर लुगड्यातलं गाठोडं खांद्याशी धरून गच्चीवर कोवळं ऊन दाखवून आणी.

वास मात्र भिंत मानत नाही. ओवा-लसणीचं कडवलेलं तेल, शेपांची धुरी आणि दहाच्या ठोक्याला सुकवारो, या तीन गोष्टी एका घरी जमल्या की चौथी विचारायची ब्राह्मणपाऱ्यात पद्धत नाही. ती समजून घ्यायची असते.

स्नेहलनं तरी खात्री करायला सुकवारोला फाटकात गाठलं. सुकवारो म्हणाली, "मोला कसम हे, मैं कुछु नइ बतावंव." याहून स्पष्ट कोण काय सांगणार? मग हिशेब लागत गेले. घरात बायका दोन. वनमालाबाईंना शहात्तर पूर्ण. उरली क्षमा. तिला सत्तेचाळीस, पण आजकाल काय सांगावं. तिला फाटकातून कमरेवर हात ठेवून येताना स्नेहलनं स्वतः पाहिलं होतं. थंडीभर ती सैल स्वेटरात होती, हेही पाहिलं होतं. आणि मागच्या चैत्रात, गौरीच्या हळदीकुंकवाला, तिनं कैरीचं पन्हं दोनदा मागून घेतलं होतं, हे कोणाला तरी अगदी तारखेनिशी आठवलं. चैत्र सोडून पौषापर्यंत बोटांवर मोजले, बरोबर नऊ भरले. गच्चीवरच्या गाठोड्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तेव्हा शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

यज्ञेश्वरच्या कार्यालयात बातमी पुरुषांच्या रस्त्यानं गेली, म्हणजे अर्धी. लोक येऊन हात दाबू लागले, मुबारक हो सर, देर आए दुरुस्त आए, इस उमर में बड़ी हिम्मत की. यज्ञेश्वरला वाटलं, बढतीची यादी फुटली. त्यानं विनयानं सांगितलं की आपण फक्त प्रयत्न करायचे, बाकी सगळं वरून होतं. ज्युनियर इंजिनियर खाली मान घालून निघून गेला. दुपारी यज्ञेश्वरनं दोन किलो पेढे मागवून मजलाभर वाटले. ऑर्डर हातात आल्याशिवाय घरी बोलायचं नाही असा त्याचा नेम, म्हणून घरी तो काहीच बोलला नाही. पेढ्यांमुळे ज्यांचा विश्वास बसत नव्हता त्यांचाही बसला.

रथसप्तमी दोन दिवसांवर आली असताना, सकाळी साडेदहाला, वनमालाबाईंच्या दारात सात बायका उभ्या राहिल्या. पुढे शर्मिष्ठाबाई, हातात झाकलेली परडी. मागे ऐंशीच्या शांताबाई, ज्या आता फक्त मुंज, लग्न आणि बारसं एवढ्याचसाठी घराबाहेर पडत. वनमालाबाईंनी परडीकडे पाहिलं, शर्मिष्ठाबाईंच्या मान लांबवण्याकडे पाहिलं आणि ओळखलं, की हेरगिरी आहे. त्या उंबऱ्यात वाट अडवून उभ्या राहिल्या.

"आम्हाले सगळं कळलं," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "इतकं काहून लपवून राहिल्या? आनंदाची गोष्ट आहे."

"कोण बोललं?"

"बोलायले काय पायजे? वास येते न सगळ्या गल्लीत."

वनमालाबाईंनी श्वास सोडला. लपवण्यात आता अर्थ नव्हता. पण दाखवायचं नाही, हे अजून हातात होतं.

"कळलं तर कळलं. आत्ता पाहता येणार नाही. नुकतीच धुरी देऊन गुंडाळलं आहे, वारा लागला तर सगळी मेहनत वाया."

बायकांनी माना डोलावल्या. हे रीतीला धरून होतं. शांताबाईंनी क्षमाची चौकशी केली.

"पडून आहे. कंबरच गेली तिची. एवढं वजन एकदम अंगावर आल्यावर काय होईन दुसरं?"

"किती वजन आहे हो?"

"अकरा किलो."

मागच्या एका बाईनं दाराची चौकट धरली.

"कोणावर गेलं आहे?" शर्मिष्ठाबाईंनी जरा वेळानं विचारलं.

हा टोमणा आहे हे वनमालाबाईंनी तत्काळ ओळखलं. "पागनिसांचंच आहे. पाहिलं का कोणीही सांगन. आणि तुम्ही विचारलंच आहे तर ऐका, परवा मंडळात आणून राहिली मी त्याले. मधल्या टेबलावर ठेवणार."

"टेबलावर? एवढ्या लोकांत? लोक हात लावतीन."

"लावू द्या. आता कोणी वर बसलं तरी काही होत नाही त्याले. इतकं तेल पाजलं आहे."

शर्मिष्ठाबाईंचा हात परडीवरून छातीवर गेला. नेमक्या त्याच वेळी आतून क्षमाची किंकाळी आली.

त्याचं कारण साधं होतं. बंगलोरहून श्रेयसचा व्हिडिओ कॉल आला होता. कोणी तरी पुढं पाठवलेला ग्रुपवरचा फोटो पाहून तो रागावला होता. "मम्मी, मेरा भाई हुआ है कि बहन? बाकी सब बाद में, इतना तो घरवाले बता देते." क्षमा एकोणीस दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसल्यावर पाठीत जे व्हायचं ते झालं.

दारात मात्र शांताबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "जुळं आहे," आणि सातही बायका वनमालाबाईंना बाजूला सारून आत शिरल्या.

पलंगावर क्षमा पट्टा लावून आडवी. हसते आहे की रडते आहे ते कळत नव्हतं. हातातल्या फोनमधून श्रेयस सगळ्यांना नमस्ते करत होता. कडेला पाळणा नाही, लेकरू नाही. मग मागच्या खोलीतून गाणं ऐकू आलं. बायका तिकडे वळल्या. सुकवारो भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. तिच्या पायांवर लुगड्यात गुंडाळलेलं काही होतं, वर काजळाची तीट. शर्मिष्ठाबाई वाकल्या आणि त्यांनी पदर बाजूला केला. आतून एक रिकीब लोंबली.

"धीरे," सुकवारो म्हणाली आणि गाणं पुढं चालू ठेवलं.

पुढचा अर्धा तास सात बायकांच्या हसण्याचा आहे, तो सांगण्यात हशील नाही. वनमालाबाई त्यात नव्हत्या. त्या कपाटाला टेकून उभ्या होत्या आणि कोणाच्या डोक्यात काय काय शिजलं होतं ते एकेकीकडून वदवून घेत होत्या. पन्ह्यापर्यंत पोचल्यावर मात्र त्यांनी पुरे म्हटलं. दुपारी यज्ञेश्वर घरी जेवायला आला तेव्हा त्यालाही कळलं. तो ताटावर बसला, भात कालवला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे बढतीचं कोणीच काही बोललं नव्हतं?" क्षमानं आतून त्याला हसवू नको म्हणून सांगितलं.

जाताना परडीचा प्रश्न आला. त्यात झबली होती, दुपटं होतं, सात घरची सात टोपडी होती आणि डिंकाचे लाडू. शर्मिष्ठाबाई परडी उचलू लागल्या तर शांताबाईंनी त्यांचा हात धरला. बाळंतविडा घरातून निघाला की माघारी नेत नाहीत, मग समोर कोणीही असो. तो खोगिराशेजारी ठेवावा लागला. शर्मिष्ठाबाईंनी तो ठेवला, पण उठताना राहवलं नाही.

"आता तरी हे मंडळात नका आणू, वनमालाबाई. लोकं हसतीन."

"हसू द्या. हसायले टेबलापाशी तर यावं लागन."

लोक आले. इतके आले की सकाळी दहालाच तलवार खिडकीत हलवावी लागली, कारण दारातून शिरणारा प्रत्येकजण ते कुठं आहे एवढंच विचारी आणि तलवारीला धक्का देऊन पुढं जाई. शहराच्या टोकाच्या भनपुरीकडून दोन कुटुंबं खास रिक्षा करून आली. मधल्या टेबलावर खोगीर पिकल्या चिकूसारखं तुकतुकत होतं, रिकिबी चिंचेनं घासलेल्या. शेजारी वनमालाबाई, ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, आणि तोंडपाठ केलेला पागनिसांचा इतिहास: नागपूरहून निघालेलं घोडदळ, वाटेतल्या नद्या, मूळ पुरुष आणि त्यांची पंचकल्याणी घोडी. हे सगळं एकदा शर्मिष्ठाबाईंच्या देखत मोठ्यानं म्हटलं की त्या सुटल्या असत्या.

पण सांगायचं कोणाला? पहिल्या बाईनं खोगिरावर हात फिरवला आणि म्हणाली, अय्या, किती मऊ, मालिश कोणी केली? वनमालाबाई म्हणाल्या, ते सांगते, आधी हे ऐका की आमचे मूळ पुरुष. बाईनं तोवर सुकवारोला पाहिलं होतं. सुकवारो नवी साडी नेसून आली होती आणि तिला कोणी तरी खुर्ची दिली होती. तिथं रांग लागली. एकीची सून सातव्या महिन्यात होती. एकीच्या नातवाचं डोकं एका बाजूला चपटं होतं. दुपारपर्यंत सुकवारोचे श्रावणापर्यंतचे दिवस बांधले गेले, आणि त्यात पहिलं नाव किल्लेदारांच्या पणतवंडाचं होतं. वनमालाबाईंनी मूळ पुरुषांना नऊ वेळा नागपूरहून काढलं. ते एकदाही रायपुरात पोचले नाहीत.

तीनच्या सुमाराला गर्दी ओसरली आणि एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, काठी, खिशात भिंग. बाबाराव म्हणून, इतिहास शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. त्यांनी बाकी काहीही न पाहता सरळ मधलं टेबल गाठलं. खोगीर समोरून पाहिलं, मागून पाहिलं. भिंग काढून टाके पाहिले. तंगाचा पट्टा दोन बोटांत धरून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. शर्मिष्ठाबाई खिडकीतून पाहत होत्या. वनमालाबाईंनी पदर सावरला.

"आमचे मूळ पुरुष," त्यांनी सुरुवात केली, "भोसल्यांच्या घोडदळातून इकडे आले. ही त्यांची बैठक."

बाबारावांनी मान हलवली. सगळं ऐकून घेतलं, नद्यांसकट, घोडीसकट. एकदाही मध्ये बोलले नाहीत. मग भिंग खिशात ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि जरा जवळ सरकून आवाज खाली आणला.

"बाई, हे तेल माझ्या गुडघ्यांना चालेल काय?"

वनमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग दोनशे वर्षांचं घोडदळ होतं तिथंच थांबवलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण कोमट करून लावा. आणि लावल्यावर वाऱ्यात जाऊ नका."